‘इतर’ नावाचा रकाना

उत्तर आयर्लंडमध्ये निवडून आलेल्या आमदाराला कामकाज सुरू होण्याआधी नोंदवहीत लिहावं लागतं: तुम्ही ‘युनियनिस्ट’ (ब्रिटनसोबत राहू पाहणारे), ‘नॅशनलिस्ट’ (अखंड आयर्लंड हवा असणारे) की ‘इतर’?

तीस वर्षांच्या हिंसाचारात सुमारे साडेतीन हजार माणसं गेली. मग १९९८च्या गुड फ्रायडे करारानं ठरवलं, की कळीच्या निर्णयांना दोन्ही गटांची वेगवेगळी संमती हवी. एकाच समाजाची मक्तेदारी पुन्हा नको होती.

पण ‘इतर’चं मत फक्त एकूण बेरजेत धरलं जातं. नोव्हेंबर २००१मध्ये युनियनिस्ट नेते डेव्हिड ट्रिंबल यांच्यामागे सभागृहाचं बहुमत होतं, तरी स्वतःच्याच गटातलं बहुमत थोडक्यात हुकलं आणि फर्स्ट मिनिस्टरपदी त्यांची फेरनिवड अडली. तेव्हा १९७०पासून दोन्ही गटांपासून दूर राहिलेल्या अलायन्स पक्षाच्या तीन आमदारांनी नोंदवहीत स्वतःला तात्पुरतं ‘युनियनिस्ट’ करून घेतलं. सरकार वाचलं.

२०२२मध्ये अलायन्सनं ९०पैकी १७ जागा जिंकल्या आणि तो तिसरा मोठा पक्ष ठरला. या करारानं बंदुका शांत केल्या, हे खरंच. पण दोन्हींपैकी एकही ओळख न निवडणाऱ्या मतदाराच्या आमदाराचं वजन अशा ठरावांत अजूनही कमीच भरतं.