आठवड्याच्या वर्गणीतलं लंडन



सहल काढायची म्हटलं की गटाच्या बैठकीत ठरलेले प्रश्न निघतात. पैसे किती आणि कधीपर्यंत भरायचे? मुक्काम कुठे? भाकरी बांधून न्यायच्या की तिथेच जेवायचं? बाथरूमची सोय आहे का? आणि घरी म्हाताऱ्यांकडे, गुरांकडे कोण बघणार? पंढरपूरला जा नाहीतर अष्टविनायकाला, यातला एकही प्रश्न चुकत नाही. आज आम्ही सांगतोय ती हकिकत याच प्रश्नांची आहे, फक्त ती घडली इंग्लंडात, १८५१ साली. त्या वर्षी खेड्यांतले मजूर, गिरण्यांतले कामगार, त्यांच्या बायका-मुलं अशी लाखो माणसं लंडन बघायला गेली. आपल्याकडे तेव्हा आगगाडी धावायला दोन वर्षं अवकाश होता. मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ ला.

निमित्त होतं एका प्रदर्शनाचं. लंडनच्या हाइड पार्क नावाच्या मोठ्या बागेत लोखंड आणि काचेचं एक अवाढव्य घर उभं केलं होतं. लांबी १८४८ फूट. बागेतली मोठी झाडंसुद्धा न तोडता त्या घराच्या आत घेतली होती. घराचा नकाशा काढणारा जोसेफ पॅक्स्टन हा मुळात बागेचा माळी, काचेची रोपघरं बांधून हात बसलेला. लोक त्या घराला क्रिस्टल पॅलेस, म्हणजे काचमहाल, म्हणायला लागले. जगभरच्या वस्तू तिथे मांडल्या होत्या. १ मे रोजी व्हिक्टोरिया राणीनं उद्घाटन केलं आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते चाललं.

आता तिकिटाचं ऐका. सुरुवातीला दर मोठे होते, बड्या लोकांनाच परवडणारे. २६ मेपासून मात्र सोमवार ते गुरुवार तिकीट एक शिलिंग झालं. त्या काळी शेतमजुराला आठवड्याला आठ-नऊ शिलिंग मिळायचे, म्हणजे एका तिकिटात दिवसाची निम्म्याहून जास्त मजुरी जायची. तरी ते आवाक्यात होतं.

पण गरिबांना आत घ्यायचं म्हटल्यावर वरच्या लोकांच्या पोटात गोळा आला. तीनच वर्षांपूर्वी, १८४८ मध्ये, मताच्या हक्कासाठी कामगारांनी लंडनमध्ये मोठी सभा भरवली होती. ती आठवण ताजी होती. इतके मजूर एका जागी जमले तर दंगल होईल, काचा फुटतील, असं उघड बोललं जायचं. कामगारांच्या येण्याजाण्याची, राहण्याची व्यवस्था बघायला १८५० मध्ये एक समिती नेमली होती. तिच्यात कामगारांचे पुढारी होते आणि चार्ल्स डिकन्ससारखे लेखकही. पण त्या समितीला अधिकृत मान्यताच दिली नाही. शेवटी डिकन्सनंच ती बरखास्त करावी असं सुचवलं. म्हणजे सोय कोणी केली नाही. मग लोकांनी आपली आपण केली.

इथे आमचे कान टवकारले. गावोगावी वर्गणीचे क्लब निघाले. कामगारांच्या संस्थांत, गिरण्यांत, चर्चच्या आवारात लोक आठवड्याला थोडे थोडे पेन्स जमा करायचे. बारा पेन्सचा एक शिलिंग. कुठे मालकानं थोडी भर घातली, कुठे पाद्रीबुवांनी पुढाकार घेतला. रेल्वे कंपन्यांना अशी आधी पैसे भरणारी, ठरल्या दिवशी एकत्र निघणारी माणसं हवीच होती, म्हणून क्लबांना भाड्यात सवलत मिळायची. आपण भिशी म्हणू, बचत गट म्हणू. हिशेबाची वही तीच. पैसे आधी साठवायचे, प्रवास नंतर. प्रवासासाठी कर्ज काढण्यापेक्षा हे शंभर पटींनी शहाणपणाचं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची असायची. ती गिरणीत बारा तास उभी राहिली तरी आठवड्याच्या पगारावर हक्क त्याचा. स्वतःची मजुरी स्वतःची, हा अधिकार तिथल्या बायकांना १८७० च्या कायद्यानं मिळाला. म्हणजे या क्लबांत जिनं काटकसर करून चार पेन्स टाकले असतील, ते पैसेसुद्धा कायद्याच्या नजरेत तिचे नव्हते. आपलं पासबुक आपल्या नावावर असण्याचं मोल मैत्रिणींनो, अशा जागी कळतं.

या सगळ्यात एक माणूस पुढे आला, थॉमस कुक. मूळचा सुतारकाम करणारा आणि दारूबंदीचा कट्टर प्रचारक. १८४१ च्या ५ जुलैला त्यानं लेस्टर गावाहून जवळच्या लफबरो गावी दारूबंदीच्या सभेसाठी आगगाडी ठरवली, माणशी एक शिलिंग, सुमारे पाचशे माणसं. पुढे जगभर नाव झालेली त्याची प्रवासी कंपनी निघाली ती या सभेच्या गाडीतून. आपल्याकडे आडव्या बाटलीसाठी मतदान करायला गेलेल्या बायकांना हे ऐकून बरं वाटेल.

प्रदर्शनाच्या वर्षी कुक आणि त्याचा मुलगा उत्तर आणि मध्य इंग्लंडच्या गावांत फिरून तिकिटं खपवत होते. लीड्सहून लंडनचं जाऊन-येऊन भाडं आधी पंधरा शिलिंग ठरलं होतं. मग दुसऱ्या रेल्वे कंपनीशी चढाओढ लागली आणि ते पाच शिलिंगांवर आलं. तोटा कंपन्यांना, फायदा मजुरांना. कुकनं त्या एका हंगामात दीड लाखाहून जास्त माणसं लंडनला नेली.

राहायचं काय? ज्याचे कोणी नातेवाईक लंडनला होते तो त्यांच्याकडे उतरला. बाकीच्यांसाठी स्वस्त मुक्कामाच्या जागा निघाल्या. पिमलिको भागात तर एका माणसानं कामगारांसाठी हजार जणांच्या निजण्याची सोय केली होती. बरेच जण मात्र रात्रीच्या गाडीनं यायचे आणि लगेच रात्रीच्या गाडीनं परत जायचे. आठवडाभर राहायचं म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी बुडणार, हा खर्च तिकिटावर कुठेच लिहिलेला नसतो.

जेवण लोकांनी टोपल्यांतून बांधून आणलं. आत पाव, केक, सोडा लेमन विकायला होतं, दारू अजिबात नाही. पिण्याचं पाणी फुकट द्यायचं ही अट ठेकेदारावर घातली होती. आणि संडास! जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या माणसानं तिथे पाण्यानं धुतले जाणारे संडास बसवले. दर एक पेनी. ८,२७,२८० जणांनी पेनी देऊन ते वापरले, इतका चोख हिशेब राहिला आहे. पुरुषांची मुताऱ्यांची सोय मात्र फुकट होती. बसस्टँडवरचा हा न्याय किती जुना आहे बघा!

आता मेरी कॅलिनॅक. ती कॉर्नवॉलची, म्हणजे इंग्लंडच्या पार पश्चिम टोकाची, मासे विकणारी. वय चौऱ्याऐंशीच्या पुढे. तिच्याकडे ना क्लब, ना गाडीभाडं. ती डोक्यावर टोपली घेऊन पायी निघाली. सुमारे तीनशे मैल, पाच आठवडे. लंडनला पोचल्यावर ती थेट तिथल्या महापौरांसमोर उभी राहिली. त्यांनी तिच्या हातावर एक सोन्याचं नाणं ठेवलं, वीस शिलिंगांचं, तेव्हा तिला रडू कोसळलं आणि आता मला परत जाता येईल असं ती म्हणाली. म्हणजे जाण्याचा बेत तिचा पक्का होता, येण्याचा नव्हता. तिनं प्रदर्शन पाहिलं, राणीनं तिला पाहिलं आणि आपल्या रोजनिशीत तिची नोंद केली. सचित्र वर्तमानपत्रात टोपलीसकट तिचं चित्र छापून आलं. वारीची सवय असलेल्या आपल्याला तिचं चालणं नवलाचं वाटणार नाही, पण एकटीनं, त्या वयात, हे नवलच.

या माणसांनी आत काय पाहिलं? कोहिनूर हिरा पिंजऱ्यात ठेवला होता. पंजाबच्या लहानग्या दलीपसिंग महाराजांकडून तो इंग्रजांनी दोनच वर्षांपूर्वी घेतला होता. लोकांची निराशा झाली, कारण तो म्हणावा तसा चमकेना. गॅसचे दिवे लावून पाहिले तरी नाही. हिंदुस्थानच्या दालनात नवाबाची अंबारी आली होती, पण ती ठेवायला हत्ती नव्हता. मग इंग्लंडातल्याच एका गावच्या संग्रहालयातून पेंढा भरलेला हत्ती आणला, तोही आफ्रिकेचा! आपल्या हातमागाच्या कापडाचं तिथे फार कौतुक झालं. त्याच इमारतीत सूत काढणारी यंत्रं धडधडत होती, ज्यांच्या मालानं आपल्या विणकरांचं पोट मारलं. ही दोन दालनं एका छताखाली होती, हे आम्हाला विसरता येत नाही.

शेतमजुरांपुढे अमेरिकेच्या मॅककॉर्मिकचं कापणी यंत्रही होतं. घोडे जुंपून गहू कापणारं. जुलैत एसेक्समधल्या टिपट्रीच्या शेतावर ते चालवून दाखवलं आणि त्याला मोठं पदक मिळालं. कापणीच्या दिवसांत जिथे घरच्या सगळ्या बायका राबून चार पैसे जोडायच्या, तिथल्या माणसांनी शिलिंग भरून ते यंत्र पाहिलं.

दंगल झाली नाही. ७ ऑक्टोबरला एका दिवसात १,०९,९१५ माणसं आली, तरी काचा शाबूत राहिल्या. एकूण ६० लाखांवर भेटींची नोंद झाली आणि १,८६,००० पौंडांचा नफा उरला. त्यातून लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात जमीन घेतली आणि तिथे मोठी संग्रहालयं उभी राहिली. काचमहाल नंतर लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅमला हलवला, तो १९३६ मध्ये जळून गेला. संग्रहालयं मात्र आहेत, आणि ती पाहायला आजही तिकीट लागत नाही. आठवडाभराचं लंडन ठरवणाऱ्या कुणाच्या लेकी-सुना तिकडे असतील तर त्यांना हे कळवा. त्या महागड्या शहरात फुकट बघण्यासारखं असं पुष्कळ आहे.

आपल्याकडेही या प्रदर्शनांच्या काळातलं एक घर आहे. मुंबईला भायखळ्यात राणीच्या बागेला लागून १८७२ साली एक संग्रहालय उघडलं, तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट, आताचं डॉ. भाऊ दाजी लाड. इकडच्या कारागिरांच्या वस्तू, मातीच्या बाहुल्या, जुन्या मुंबईचे नमुने तिथे मांडलेले आहेत. गटाची सहल राणीच्या बागेत गेलीच, तर वाघ-पेंग्विन बघून झाल्यावर तासभर तिकडे ठेवा. बुधवारी ते बंद असतं, तेवढं ध्यानात धरून दिवस ठरवा.