न मोडलेला डायनॅमो

१९४६ साली अमेरिकेत विचिटा येथील सेसना कारखान्याने ‘१४०’ हे दोन आसनांचे विमान बाजारात आणले. त्याच्या ८५ अश्वशक्तीच्या एंजिनावरील डायनॅमो १२ व्होल्टची बॅटरी भरीत असे. अशा जुन्या विमानात अँमीटरचा काटा उणेकडे झुकला, की बॅटरी रिकामी होत आहे असे समजावे. एंजिन मात्र थांबत नाही. ठिणगी मॅग्नेटो देतो. दिवे विझतात, पुढच्या खेपेस स्टार्टर फिरत नाही.

अशा वेळी उतावळा माणूस डायनॅमोच भंगारात काढतो. जाणता कारागीर आधी तारांचे सांधे, सांगाड्याला जोडलेली तार, मग ब्रश आणि रेग्युलेटर तपासतो. कधी यांतले काहीच बिघडलेले नसते. वेर्नर सीमेन्सचे १८६७ साली बर्लिनच्या विद्वत्सभेपुढे मांडले गेलेले तत्त्व इथे उपयोगी पडते: लोखंडात उरलेल्या अल्प चुंबकत्वावरच डायनॅमोची वीज सुरू होते. ते नाहीसे झाले, तर चुंबकाच्या गुंडाळीतून बॅटरीची वीज क्षणभर सोडावी. डायनॅमो पुन्हा कामाला लागतो.

आम्ही कामगारांत आयुष्य घालविले. यंत्र अडले, की चौकशीपूर्वीच माणसाला निकामी ठरविलेले आम्ही पाहिले आहे. कारागीर डायनॅमोला जो न्याय देतो, तेवढा तरी माणसाला मिळावा.