उचल, सुपारी आणि मालकी

वह्या तपासताना मागची पाने चाळण्याची आम्हाला जुनी सवय आहे. बीड जिल्ह्यातील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही शिकवतो. नोकरीला लागलो तेव्हा त्या पानांवर शेर सापडत, कधी एखादी चुकीच्या वजनाची गझल. आता रॅप सापडतो. नववीच्या एका मुलाच्या वहीत दखनीत लिहिलेल्या वीसेक ओळी होत्या. काफिया पक्का आणि मजकूर कारखान्याच्या पट्ट्यातल्या कोपीचा, पाचटाचा. त्याचे आईवडील दर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि तो आजीजवळ राहतो.

आम्ही ओळींचे कौतुक केले, तर मुलगा खूश होण्याऐवजी म्हणाला, "सर, ये मेरे भाई के हैं. अब उसके भी नहीं." भाऊ तालुक्याच्या गावी गॅरेजमध्ये काम करतो. त्याने हे गाणे रचले, गायले. व्हिडिओ चॅनेल चालवणाऱ्या कुणा एकाने त्याला ४ हजार रुपये देऊन स्टॅम्प पेपरवर सही घेतली. गाणे चालले. भावाने तेच गाणे स्वतःच्या मोबाइलवरून टाकले, तेव्हा मालकीहक्काची तक्रार होऊन ते उतरवले गेले. मुलाचा प्रश्न सरळ होता, "लिखा भाई ने, गाया भाई ने, फिर गाना उनका कैसा?"

आम्ही बी.एड. झालेलो माणूस. कायद्याचे आम्हाला काय ठाऊक? पण प्रश्न डोक्यातून जाईना. शोधत गेलो तेव्हा कळले की या प्रश्नाला आपल्याच मातीत मोठा इतिहास आहे.

आपल्या जिल्ह्याला 'उचल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मुकादम हंगामाआधी कोयत्यामागे रक्कम देतो, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. ती रक्कम ऊस तोडून फेडायची, आणि फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. हाच शब्द तमाशाच्या फडातही आहे. फडमालक कलावंताला उचल देतो आणि कलावंत हंगामभर बांधला जातो. तमाशाचा हंगामही दसऱ्याला सुरू होतो. नारायणगावच्या राहुट्यांवर गावोगावचे पंच येऊन जत्रेसाठी सुपारी देतात. सुपारी फडमालकाच्या हाती पडते आणि नाचणारीच्या, ढोलकीवाल्याच्या वाट्याला उचलीचा हिशेब येतो. कोयता आणि घुंगरू एकाच वहीत मांडलेले!

निजामी राज्यात या व्यवहाराची आणखी एक तऱ्हा होती. दर्ग्याच्या, मशिदीच्या सेवेबद्दल 'खिदमतमाश' जमीन मिळे. खिदमत चालू तोवर जमीन कसायची आणि तिचे उत्पन्न खायचे, पण ती विकता येत नसे, कारण ती सेवेसाठी होती, सेवेकऱ्याची नव्हती. मिळकत आणि मिल्कियत यांतला हा फरक आपल्या वाडवडिलांना कोर्टात न जाताही कळत होता.

कलावंताला मात्र तो फार उशिरा कळला. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. रेठरे हरणाक्षचे कुलकर्णीपण सोडून ते फडात आले आणि पवळाबाईंच्या साथीने मुंबई-पुणे गाजवले. लावणीच्या शेवटी ते आपले नाव गुंफत. गझलेच्या मक्त्यात शायर तखल्लुस आणतो तसेच हे. शाहिराची ही नाममुद्रा म्हणजे छापखाना आणि कायदा येण्याआधीची मालकीची सहीच होती. मात्र तिने नाव राखले, पैसा नाही राखला. त्यांच्या लावण्या फडोफडी गायल्या गेल्या आणि ते स्वतः पुण्यात हलाखीत वारले. विठाबाई नारायणगावकर तर स्वतः फडाच्या मालकीण. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा घरात दारिद्र्यच होते. म्हणजे नुसती मालकी मिळाली की भागते असेही नाही.

संगीत रंगभूमीने हा धडा मोठ्या अक्षरांत गिरवला आहे. केशवराव भोसले लहानपणापासून दुसऱ्यांच्या नाटक मंडळीत राबले आणि १९०८ साली, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आतबाहेर, त्यांनी हुबळीला स्वतःची 'ललितकलादर्श' उभी केली. नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व यांनी १९१३ साली गणेश बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत 'गंधर्व नाटक मंडळी' काढली. पुढे भागीदार गेले आणि बालगंधर्व एकटे मालक उरले. तबल्यावर उस्ताद अहमदजान तिरखवाँ, सारंगीवर कादरबक्ष! असा ताफा पदरी बाळगणारा मालक आज कुठे सापडेल? पण खरी वस्त्रे, खरी अत्तरे, जेवणावळी यांत कंपनी कर्जात बुडाली. ते कर्ज बालगंधर्वांनी नाकारले नाही, गाऊन फेडत राहिले. बोलपट आले आणि मैदानच बदलले. आमचे मत असे, की बालगंधर्वांना मालकी मिळाली होती, पण व्यापार त्यांना कधी भावला नाही. नटाने हिशेबाची वही उघडणे म्हणजे कलेला बट्टा, अशी तेव्हाची समजूत होती. ती आजही पुरती गेलेली नाही.

आपल्या शेजारच्या बार्शीचे अमर शेख (मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल) यांची वाट निराळी. अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर आणि ते यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. तिथे गाणे कुणा एकाचे नव्हते, चळवळीचे होते. त्यांनी गळा वापरला तो दुसऱ्यांसाठी झोळी फिरवायला. अशा माणसाला रॉयल्टी विचारणेही आम्हाला ओशाळवाणे वाटते. मात्र स्वखुशीने दिलेले दान वेगळे आणि सहीच्या आडून काढून घेतलेले वेगळे.

१९६० च्या दशकात हाच वाद दोन मोठ्या गळ्यांत झाला. लता मंगेशकरांचे म्हणणे असे की रेकॉर्ड जितकी विकेल तितका गायकालाही वाटा मिळावा. मोहम्मद रफींना ते पटले नाही. गाण्याचे पैसे घेतले, हिशेब संपला, अशी त्यांची भूमिका. त्यावरून काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. आमच्या घरात रफीसाहेबांविषयी वेडेवाकडे बोललेले खपत नसे आणि त्यांची सचोटी आजही आम्हाला प्यारी आहे. तरी लिहितो की त्या वादात लताबाईंचे बरोबर होते. मजुराने मजुरी घेऊन भिंत बांधली की भिंत मालकाची, हे ठीक. पण गाणे ही भिंत नव्हे, ते दर वेळी वाजताना नव्याने कमावते.

कायदा मात्र तेव्हा रफीसाहेबांच्याच बाजूने होता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीताचा पहिला मालक निर्माता ठरवला. त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी वेगळी टीप जोडून, गायकाला आपला कायदा काहीच देत नाही याची खंत नोंदवली. १९९४ साली कलावंताचे हक्क कायद्यात आले आणि खरा बदल झाला तो २०१२ साली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी गीतकार-संगीतकारांची बाजू मांडली आणि दुरुस्ती झाली. आता गीतकाराने हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीतला त्याचा समान वाटा त्याला सोडता येत नाही. वारसांना किंवा हक्कसंस्थेला मात्र तो देता येतो. हे वाचल्यावर आम्ही वहीत खूण करून ठेवली.

आता मुलाच्या रॅपकडे वळतो. हा प्रकार अमेरिकेचा, तिथल्या गरीब काळ्या वस्तीचा. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क याने ज्या समारंभात रेकॉर्डी वाजवल्या, तिथून हिप-हॉपचा जन्म धरतात. तो समारंभ त्याच्या बहिणीने भरवला होता, शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून. दाराशी मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट तिकीट. म्हणजे पहिल्याच रात्री गल्ला होता आणि तो घरच्यांच्या हातात होता! शाळामास्तर म्हणून आम्हाला या गोष्टीचे विशेष वाटते.

पण गल्ला लवकरच दुसऱ्यांकडे गेला. १९७९ साली रॅपची पहिली मोठी रेकॉर्ड गाजली, 'रॅपर्स डिलाइट'. तीत एकाने म्हटलेल्या बऱ्याच ओळी ग्रँडमास्टर कॅझ नावाच्या दुसऱ्याच मुलाच्या वहीतून आलेल्या होत्या. कॅझला ना नाव मिळाले ना पैसा. पुढे टीएलसी या तीन मुलींच्या गटाचा अल्बम लाखोंनी खपत असताना १९९५ साली त्यांना दिवाळखोरी जाहीर करावी लागली. कंपनी आगाऊ रक्कम देते, मग ध्वनिमुद्रण, व्हिडिओ, प्रवास यांचा खर्च कलावंताच्या वाट्यातून वळता करते. आम्ही हे वाचले आणि स्वतःशीच हसलो. ही तर उचल! डॉलरमधली इतकेच.

फरक पडला तो काहींनी मुकादमच नाकारला तेव्हा. न्यू ऑर्लिन्सच्या मास्टर पी याने आजोबांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या १० हजार डॉलरवर रेकॉर्डचे दुकान टाकले, त्यातून स्वतःची 'नो लिमिट' कंपनी काढली आणि १९९६ साली वितरणाचा करार करताना मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी आपल्याकडेच राखली. त्याने दुसऱ्यांची गाडी भाड्याने घेतली, माल आपला ठेवला. ब्रुकलिनच्या जे-झीला मोठ्या कंपन्यांनी दारात उभे केले नाही. त्याने दोन साथीदारांसह 'रॉक-अ-फेला' काढली, मोटारीच्या डिकीतून माल विकला आणि १९९६ साली पहिला अल्बम आणला. १९९९ साली कपड्यांचा धंदा सुरू केला आणि २००७ साली त्या नावाचे हक्क २० कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले. २०१९ साली 'फोर्ब्स'ने त्याला अब्जाधीश ठरवले. डॉ. ड्रे याची भागीदारी असलेली हेडफोनची कंपनी २०१४ साली अॅपलने ३ अब्ज डॉलरला घेतली. या मंडळींच्या गाण्यांतील शिवीगाळ आणि बायकांविषयीची भाषा आम्हाला मान्य नाही, वर्गात आम्ही तसे स्पष्ट सांगतो. पण कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचावा, हे त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा कसला?

हे वारे मुंबईला पोहोचले ते कुर्ला, अंधेरी, धारावीच्या गल्ल्यांत. कुर्ल्याच्या नावेद शेख ऊर्फ नेझी याने 'आफत' हे गाणे २०१४ साली एका आयपॅडवर ध्वनिमुद्रित करून त्यावरच चित्रित केले. ना स्टुडिओ, ना मुकादम. २०१५ साली त्याचे आणि अंधेरीच्या व्हिवियन फर्नांडिस ऊर्फ डिव्हाइनचे 'मेरे गली में' आले, २०१९ साली त्यांच्या आयुष्यावरून स्फुरलेला 'गली बॉय' चित्रपट. डिव्हाइनने सुरुवातीला मोठ्या कंपनीशी करार केला होता. २०१९ साली त्याने 'गली गँग' ही स्वतःची कंपनी उभी केली आणि तीत इतर पोरांना आणले. बिलाल शेख ऊर्फ एमीवे बंटाई याने तर कंपन्यांपासून लांब राहणे हीच आपली ओळख केली आणि पुढे 'बंटाई रेकॉर्ड्स' काढली. पुण्याच्या ताडीवाला रोडचा अल्ताफ शेख ऊर्फ एमसी स्टॅन लहानपणी कव्वाली गायचा. २०२३ साली त्याने 'बिग बॉस'ची १६ वी फेरी जिंकली, तेव्हा आमच्या वर्गात ईदच होती. ही सारी मुले आपल्या नावाचा गाण्यातच पुकारा करतात. पठ्ठे बापूरावांची नाममुद्रा आणि शायराचा तखल्लुस यांच्या पुढची ही पायरी आहे, कारण यांचे नाव गाण्याबरोबर कंपनीच्या नोंदणीतही उतरले आहे.

एक खरे की मुंबई-पुण्याला वकील भेटतो, हिशेबनीस भेटतो. आमच्या गॅरेजमधल्या पोराला कोण भेटणार? म्हणून एका रविवारी आम्ही मुलाला आणि भावाला घरी बोलावले. भाऊ तो स्टॅम्प पेपर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आला. मजकूर जेमतेम सहा ओळींचा, अर्धा इंग्रजीत. गाण्याचे नाव होते, रक्कम होती, सही होती. मुदत कुठेच लिहिलेली नव्हती.

कॉपीराइट कायद्याचे १९ वे कलम आम्ही छापून ठेवले होते. हक्क लिहून देताना मुदत नमूद केली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश नमूद केला नसेल तर फक्त भारत. आम्ही ते आधी मराठीत आणि मग दखनीत समजावले. गीतकाराचा वाटा सोडता येत नाही, हे २०१२ चे कलमही दाखवले. तालुक्याच्या वकिलाकडे एकदा कागद दाखवून घ्यायचे ठरले, फी आम्ही पाहू म्हटले. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "सर, उन्होंने पढ़े बिना लिखे होंगे क्या?" आम्ही म्हटले, तसेच दिसते.

कागदावर तारीख २०२३ ची होती. धाकट्याने बोटांवर मोजले, दप्तरातून वही काढली, मागचे पान उघडले आणि त्या वीस ओळींच्या खाली २०२८ लिहून त्याभोवती चौकट आखली.