स्निग्धाहार आणि हाडें

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत उमापूर हें गांव आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, आणि तिच्या या खोऱ्यांत पिढ्यानुपिढ्या ज्वारी-बाजरीची भाकरी हाच जेवणाचा पाया राहिला आहे. तेल बेताचें आणि तूप सणावारीं. अशा एखाद्या घरांतील मुलास अपस्माराचे झटके येऊं लागले, औषधें थकलीं, आणि शहरांतील डॉक्टरांनीं सांगितलें कीं, आतां भाकरी बंद करून जेवणाचा बहुतेक भाग लोणी, तूप, तेल व साय यांचाच ठेवावा, तर त्या मुलाच्या आईस नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं. तथापि हा सल्ला लहरीचा नव्हे. त्यामागें शंभर वर्षांचा इतिहास आहे. आणि या उपचाराचें मोल कधीं कधीं हाडांना द्यावें लागतें, हेंहि त्याच इतिहासानें दाखविलें आहे.

उपवासानें अपस्माराचे झटके आंवरतात, ही गोष्ट प्राचीन ग्रीक वैद्यांनाहि ठाऊक होती. परंतु उपवास कायमचा करतां येत नाहीं. १९२१ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधील डॉ. रसेल वाइल्डर यांनीं यावर तोड सुचविली. पिष्ट व साखर जवळजवळ वर्ज्य करून स्निग्ध पदार्थ वाढविले, तर यकृत चरबीपासून कीटोन नांवाचीं द्रव्यें तयार करतें, आणि पोटांत अन्न असूनहि शरीर उपवासाच्या अवस्थेंत राहतें. यालाच त्यांनीं कीटोजेनिक आहार म्हटलें. १९२५ सालीं तेथीलच डॉ. पीटरमन यांनीं त्याचें प्रमाण बसविलें. दिवसाकाठीं पिष्ट अवघें १० ते १५ ग्रॅम! वीस ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या चतकोर भाकरींतच तेवढें भरतें.

१९३८ सालीं मेरिट व पटनम यांनीं फेनिटॉइन या औषधाचा गुण दाखविला. गोळी सोपी आणि आहार अवघड. त्यामुळें आहार मागें पडला. पुढें चित्रपट-दिग्दर्शक जिम एब्रहॅम्स यांचा मुलगा चार्ली याचे झटके या आहारानें थांबले, आणि १९९४ सालीं त्याच्या नांवें चार्ली फाउंडेशन ही संस्था निघाली. तेव्हांपासून या उपचाराचें पुनरुज्जीवन झालें.

आतां हाडांकडे वळावें. शरीरांतील सुमारें ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दांतांत असतें. कीटोन हीं आम्लधर्मी द्रव्यें. रक्तांतील आम्लता वाढूं लागली म्हणजे ती शमविण्यास हाडांतील क्षार उपयोगीं पडतात, आणि त्यांच्याबरोबर सुटलेलें कॅल्शियम लघवीवाटे जातें. या मुलांना मूतखड्याचा धोका असतो, त्याचें एक कारण हेंच. शिवाय अपस्मारावरील फेनिटॉइनसारखीं जुनीं औषधें ड जीवनसत्त्वाचा लवकर नाश करतात. १९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अशा मुलांचीं हाडें हलकीं आढळलीं आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर तीं सुधारलीं. २००८ सालच्या दुसऱ्या अभ्यासांत २५ मुलांवर १५ महिने लक्ष ठेवण्यांत आलें. तेव्हां वयाच्या मानानें हाडांतील खनिजांचें प्रमाण सतत घसरत गेलेलें दिसलें. मात्र हीं मुलें आरंभींहि सशक्त हाडांचीं नव्हतीं. दोष एकट्या आहाराचा म्हणतां येत नाहीं.

येथें याच गोदावरीच्या उगमाकडील एक जुना दाखला बोधप्रद ठरतो. १९२२ सालीं हचिन्सन व शाह या दोघांनीं नाशिक येथील मुडदुसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तु घरांत खाणेंपिणें बरें असूनहि मुलांना मुडदूस होता. आणि जीं गरीब मुलें निकृष्ट अन्नावर, पण उघड्यावर वाढत, तीं त्यापासून बहुधा मुक्त होतीं. उन्हानें त्वचेंत ड जीवनसत्त्व तयार होतें, तें दारें लावून घेतल्यानें नाहींसें झालें होतें. अर्थात् हाड एकट्या ताटावर पोसत नाहीं. त्याला ऊन लागतें आणि श्रमहि लागतात.

मग भाकरी सोडली म्हणजे हाडें गेलींच काय? तसेंहि नाहीं. ज्वारींत कॅल्शियम थोडेंच असतें. १०० ग्रॅम नाचणींत तें सुमारें ३५० मिलिग्रॅम, तर तेवढ्याच ज्वारींत तीसच्या आंतबाहेर. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत ३०७ स्थूल प्रौढांपैकीं कांहींनीं पिष्ट कमी केलें व कांहींनीं स्निग्ध पदार्थ. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या हाडांच्या घनतेंत लक्षणीय फरक आढळला नाहीं. पण तो आहार पुढें पुढें सैल केलेला होता. उलट २०२० सालच्या अभ्यासांत शर्यतीनें चालणाऱ्या खेळाडूंनीं अवघे साडेतीन आठवडे कडक कीटोजेनिक आहार घेतला, तेव्हां हाडांची झीज दाखविणारी रक्तांतील खूण वाढली.

तात्पर्य, ज्या मुलाचे झटके औषधांना दाद देत नाहींत त्याच्यासाठीं हा आहार वरदान ठरूं शकतो. पण तो घरच्या घरीं आरंभूं नये. डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालीं, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांची जोड देऊन आणि वाढीचें मोजमाप ठेवूनच तो द्यावा. केवळ सडपातळ होण्याच्या हौसेनें ज्यांना भाकरी नकोशी झाली आहे, त्यांनीं मात्र ध्यानांत ठेवावें कीं, वजनकांटा खालीं आला तरी हाडांतून काय गेलें हें त्या कांट्यावर दिसत नाहीं.