युद्धपट-संग्रह, लघुमापी

चित्रपटगृहांतील ३५ मिमी. फिल्मपेक्षा अरुंद फिल्मवर (१६ मिमी., ९.५ मिमी., ८ मिमी. व सुपर ८) काढलेल्या जुन्या युद्धपटांच्या प्रती मिळवणे, जपणे आणि प्रोजेक्टरवर दाखवणे. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व जर्मनी या देशांत हा छंद विशेष रुजला. युद्धाच्या वार्तापटांची संकलने ‘युद्धपट’ म्हणून धरावीत की नाही, याबाबत संग्राहकांत एकमत नाही. या नोंदीत ती धरली आहेत, कारण घराघरांत पोचलेली पहिली युद्धरिळे बव्हंशी तीच होती.

मापे : पाते कंपनीची ९.५ मिमी. फिल्म १९२२ च्या अखेरीस फ्रान्समध्ये आली. कोडॅकची १६ मिमी. १९२३ मध्ये, ८ मिमी. १९३२ मध्ये आणि सुपर ८ १९६५ मध्ये आली. ३५ मिमी. नायट्रेट फिल्म भडकन पेट घेई. १६ मिमी. मात्र सुरुवातीपासून ॲसिटेटवर निघाल्यामुळे घरात ठेवण्याजोगी ठरली. एका फुटात १६ मिमी.च्या ४०, सुपर ८ च्या ७२ आणि जुन्या ८ मिमी.च्या ८० चौकटी बसतात. सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने सुपर ८ चे २०० फुटी रीळ बरोबर दहा मिनिटे चालते. ९.५ मिमी.ची छिद्रे कडेला नसून मध्यभागी, दोन चौकटींच्या मधोमध असतात. त्यामुळे तिची प्रतिमा १६ मिमी.च्या जवळपास जाते. फिल्म वाचवण्यासाठी तिच्या कडेला खाचा पाडत. खाच आली की प्रोजेक्टर थबके आणि मूकपटाची एकच अक्षरचौकट वाचून होईपर्यंत पडद्यावर राही.

वार्तापट-रिळे : युजीन कॅसल यांच्या ‘कॅसल फिल्म्स’ने १९३७ मध्ये हिंडेनबर्ग या वायुनौकेच्या अपघाताचे रीळ घरगुती प्रेक्षकांसाठी विकायला काढले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर याच वाटेने रणांगणाची दृश्ये घरोघरी पोचली. १९४० च्या दशकातील जाहिरातींत एकच विषय पाच रूपांत मिळे. ८ मिमी.ची छोटी ‘हेडलाइन’ आवृत्ती ५० फुटांची, तर ‘कम्प्लीट’ १८० फुटांची असे, १६ मिमी.त हीच अनुक्रमे १०० व ३६० फुटांची. आणि पाचवे रूप म्हणजे ३५० फुटांचे बोलके रीळ. सर्वांत स्वस्त रीळ पावणेदोन डॉलरला आणि बोलके साडेसतरा डॉलरला मिळे. ही तफावत संग्राहकाने लक्षात ठेवावी. आज बाजारात दिसणारी बहुतेक रिळे मूक व छोटी आहेत. पूर्ण बोलकी प्रत त्या मानाने विरळा, आणि तिचे निवेदन हा त्या काळच्या प्रचारभाषेचा अस्सल पुरावा आहे.

युद्ध चित्रित करणाऱ्यांच्या हातातही १६ मिमी. होती. दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनी जून १९४२ मध्ये मिडवे बेटावरील हल्ल्याचे चित्रण १६ मिमी. कोडाक्रोम रंगीत फिल्मवर केले व त्यात ते जखमी झाले. ‘द बॅटल ऑफ मिडवे’ हा १८ मिनिटांचा अनुबोधपट त्यातूनच ३५ मिमी.वर मोठा करून काढला गेला. विल्यम वायलर यांचा ‘द मेम्फिस बेल’ (१९४४) असाच १६ मिमी.वरून बनला. म्हणून अशा चित्रपटांची १६ मिमी. प्रत हे मोठ्या चित्रपटाचे धाकटे रूप मानणे चूक आहे. मूळ चित्रण याच मापाचे होते. अमेरिकी सरकारने काढलेल्या चित्रपटांवर तेथे स्वामित्वहक्क नसल्याने त्यांच्या प्रती पुढे मोकळेपणाने विकल्या गेल्या.

‘नेपोलियन’चे प्रकरण : लघुमापी प्रतींचे मोल ज्याने निर्विवाद सिद्ध केले ते उदाहरण १९५४ चे आहे. केव्हिन ब्राउनलो हा लंडनचा शाळकरी मुलगा ९.५ मिमी. रिळे जमवत असे. एक फ्रेंच मूकपट न आवडल्याने त्याने तो बदलून मागितला, आणि त्याला आबेल गान्स यांच्या ‘नेपोलियन’ (१९२७) या चित्रपटाची दोन रिळे मिळाली. घरगुती वापरासाठी बेतलेली ती संक्षिप्त आवृत्ती होती. तरीही कॅमेऱ्याची चपळाई आणि संकलनाचा वेग पाहून तो थक्क झाला व उरलेली रिळे शोधू लागला. त्या शोधाला पुढे संशोधनाचे रूप आले. निरनिराळ्या चित्रपट-संग्रहांतील तुकडे जुळवत त्याने जवळजवळ पाच तासांची आवृत्ती सिद्ध केली. १९७९ मध्ये अमेरिकेतील टेल्युराइड येथे ती उघड्यावर दाखवली गेली, तेव्हा वृद्ध गान्स यांनी हॉटेलच्या खिडकीतून ती पाहिली. नोव्हेंबर १९८० मध्ये लंडनला कार्ल डेव्हिस यांच्या संगीतासह तिचा जाहीर प्रयोग झाला, आणि २०१६ मध्ये साडेपाच तासांची डिजिटल आवृत्ती आली. ब्राउनलो यांना २०१० मध्ये मानद ऑस्कर मिळाले. या चित्रपटातील तूलोँच्या वेढ्याची पावसातली लढाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा सारा खटाटोप कशासाठी होता हे सांगावे लागत नाही. संक्षिप्त आवृत्त्यांना हलके लेखणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर ध्यानात घ्यावे.

संक्षिप्त आवृत्त्या : १९६० व ७० च्या दशकांत न्यू जर्सीतील ‘केन फिल्म्स’ आदी कंपन्यांनी स्टुडिओंच्या परवान्याने बोलपटांच्या २०० वा ४०० फुटी आवृत्त्या विकल्या. ‘टोरा! टोरा! टोरा!’ (१९७०) हा सुमारे अडीच तासांचा चित्रपट अशा रिळात काही मिनिटांवर येतो. साहजिकच बॉम्बहल्ला राहतो आणि त्याआधीच्या वाटाघाटी व गाफिली गळतात. पूर्ण लांबीच्या सुपर ८ प्रतींचा मोठा विक्रेता म्हणजे इंग्लंडमधील डडली येथील ‘डेरॅन’. ती कंपनी २०११ मध्ये बंद झाली.

कोणती आवृत्ती? दूरचित्रवाणी केंद्रांसाठी निघालेल्या १६ मिमी. प्रती पुढे संग्राहकांकडे आल्या. त्या अनेकदा कापलेल्या असतात. शिवाय ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९३०) १९३९ मध्ये काटछाट करून व निवेदन जोडून पुन्हा प्रदर्शित झाला होता. त्यामुळे केवळ नावावरून प्रत विकत घेऊ नये, तिची लांबी मोजावी.

कायदा : प्रती विकत घेणे आणि त्या दाखवण्याचा हक्क असणे या निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यास संग्राहकांवर छापे पडले. डिसेंबर १९७४ मध्ये एफबीआयने अभिनेते रॉडी मॅकडॉवल यांचा संग्रह जप्त केला. त्यांच्यावर खटला भरला गेला नाही.

भारत : पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. फिल्म सोसायट्यांचे खेळ बहुधा १६ मिमी.वर होत.

जतन : ईस्टमनकलरवरील जुन्या रंगीत प्रतींतला निळा व पिवळा उडून केवळ लालसर छटा उरते. टेक्निकलरच्या रंगछाप पद्धतीने काढलेल्या प्रती टिकतात, म्हणून त्यांना भाव अधिक. युद्धपटांचा संग्राहक या बाबतीत सुदैवी म्हणायचा. ‘ट्वेल्व्ह ओ’क्लॉक हाय’ (१९४९), ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (१९५७), ‘द लाँगेस्ट डे’ (१९६२) हे कृष्णधवल असल्याने त्यांत रंग उडण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र ‘द लाँगेस्ट डे’ची सिनेमास्कोप प्रत योग्य भिंगाशिवाय लावली तर सैनिक उभट, चिंचोळे दिसतात. खरा शत्रू ॲसिटेटचा क्षय. फिल्ममधून ॲसिटिक आम्ल सुटते, व्हिनेगरसारखा वास येतो आणि सुटलेले आम्लच क्षय वाढवते. ध्वनीची चुंबकीय पट्टी असलेल्या प्रतींत तो अधिक झपाट्याने होतो. वास येणारे रीळ इतरांपासून लगेच वेगळे ठेवावे, डबे हवाबंद करू नयेत व जागा थंड आणि कोरडी असावी. सुमारे एक टक्क्याहून अधिक आकसलेली फिल्म दातेरी चाकावर नीट बसत नाही व तिची छिद्रे फाटतात, म्हणून ती प्रोजेक्टरवर चढवू नये. आधी तिची प्रत काढून घ्यावी.