न उघडणारी कडी

फेब्रुवारी २०१८. दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने १७ तारखेला स्कीइंगची सुपर-जी शर्यत जिंकली, तीही एका शतांश सेकंदाने. आठवडाभराने, २४ तारखेला, तिनेच स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लॅलमचं सुवर्णपदक घेतलं. एकाच हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दोन वेगळ्या खेळांत सुवर्ण मिळवणारी ती पहिली महिला. दोन्ही शर्यतींत तिच्या पायांत प्लास्टिकचे कठीण बूटच होते. फरक होता तो बुटाखालच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला किंवा फळीला जखडणार्‍या पकडीत. स्कीवर ती जोरात आपटली असती, तर बूट आपोआप सुटावेत अशी रचना होती. स्नोबोर्डवर मात्र काहीही झालं, तरी ते सुटणार नव्हते.

स्कीच्या बाइंडिंगला सुटण्याची युक्ती मिळाली ती एका मोडलेल्या पायामुळे. ह्यालमार वाम हे नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेत ओरेगॉनला स्थायिक झालेले नामांकित स्कीपटू. १९३७ मध्ये माउंट हूडवर त्यांचा पाय मोडला. इस्पितळात भूल उतरत असतानाच त्यांनी कागद-पेन्सिल मागवून नव्या बाइंडिंगचं रेखाटन केलं, असं सांगितलं जातं. त्यातून आलेली ‘सेफ-स्की’ ही ठरावीक जोरापलीकडे बुटाचं टोक मोकळं करणारी बाइंडिंग. पुढच्या काही दशकांत ही कल्पना स्कीइंगमध्ये सर्वमान्य झाली आणि घोट्याचे, नडगीचे किती तरी अस्थिभंग टळले.

स्नोबोर्डने हा धडा का घेतला नाही? कारण इथे दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात. पडताना एक पाय सुटला आणि दुसरा अडकून राहिला, तर फळीचा सगळा पीळ त्या एकाच गुडघ्यावर येतो. सुटणार्‍या बाइंडिंग स्नोबोर्डसाठीही करून पाहिल्या गेल्या, पण त्या रुळल्या नाहीत. पाय धरायचे तर दोन्ही, आणि शेवटपर्यंत, हेच कायम राहिलं.

सुरुवातीला तर पाय धरायची सोयच नव्हती. १९६५ च्या नाताळात मिशिगनमधल्या मस्कीगन इथे शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला दोन स्की शेजारी शेजारी जोडून दिल्या. त्या खेळण्यातून ‘स्नर्फर’ जन्मला. पुढे टोकाला एक दोरी, वर दोन मोकळे पाय, बस्स. १९७९ मध्ये मिशिगनच्या स्नर्फर स्पर्धेत जेक बर्टन कार्पेंटर पाय बांधायची सोय असलेली स्वतःची फळी घेऊन उतरले, तेव्हा इतरांनी हरकत घेतली. अखेर त्यांच्यासाठी वेगळा खुला गट करावा लागला. पाय बांधून घसरणं ही तेव्हा लबाडी वाटली होती!

कठीण बुटांची कथा मात्र आल्प्सची आहे. अमेरिकेत स्नोबोर्ड वाढला तो भुसभुशीत बर्फात, मऊ बुटांवर, सर्फिंग आणि स्केटबोर्डच्या संस्कारात. स्वित्झर्लंड, फ्रान्स, ऑस्ट्रिया इथे उतार कडक, घट्ट दाबलेले, आणि घरोघरी स्कीचे बूट पडलेले. ऐंशीच्या दशकात तिथल्या तरुणांनी गिर्यारोहणाचे किंवा स्कीचे प्लास्टिकचे बूट चढवले आणि फळीवर धातूची सपाट पट्टी बसवून तिच्या दोन टोकांना तारेच्या कड्या लावल्या. गुडघा जरा कलला की फळीची कड बर्फात रुतू लागली. मऊ बुटात घोटा वाकण्यात जो वेळ आणि जोर जातो, तो इथे वाचत होता.

यातून एक अडचण उभी राहिली. वेगाने कड बदलायची तर फळी अरुंद हवी, आणि अरुंद फळीबाहेर बूट डोकावला की तो वळणात बर्फाला घासतो, कड सुटते, माणूस कोसळतो. बूट २८ सेंटिमीटरचा आणि फळी मध्यावर १९ सेंटिमीटरची असेल, तर पाऊल फळीला आडवं ठेवून चालतच नाही. ते जवळजवळ ५० अंशांनी किंवा त्याहून जास्त पुढे वळवावं लागतं. स्विस शर्यतपटू जोसे फर्नांडिस आणि त्यांच्या पिढीने आधी वेगळा उपाय केला होता: टाच आणि चवडा फळीच्या आडव्या रेषेत समोरासमोर येत नाहीत, म्हणून फळीच डावी-उजवीकडे असमान कापायची. पुढे कोन आणखी वाढले, टाच-चवडा जवळजवळ फळीच्या लांबीच्या रेषेत आले आणि असमान फळ्यांची गरज संपली.

खरी कारागिरी आहे ती बसवण्यात. बूट आधी रिकामाच, टेबलावर ठेवलेल्या बाइंडिंगमध्ये घालून पाहतात. पुढचा आणि मागचा ठोकळा सरकवून बुटाचा मध्य बाइंडिंगला फळीवर स्क्रूने धरणार्‍या तबकडीच्या मध्यावर आणायचा. नाहीतर एका बाजूला टाच किंवा दुसर्‍या बाजूला बोटं जास्त बाहेर जातात. मग मागची कडी टाचेच्या खाचेत बसवून पुढचा खटका दाबायचा. तो नुसत्या बोटाने मिटला तर कडी सैल आहे, आणि लाथ मारावी लागली तर तार नको तितकी ताणली जाते. तळव्याने रेटल्यावर शेवटच्या टप्प्यात घट्ट विरोध लागून तो बसला पाहिजे. तळाखाली बर्फाचा पातळ थर चिकटला तरी बूट उचलला जातो आणि मोजून लावलेला ताण चुकतो, म्हणून उतारावर दर वेळी तळ खरवडून मगच पाय आत जातो. गाडीतळाच्या डांबरावर चालून बुटाची पुढची-मागची कड झिजली, तरी घट्ट लावलेली कडी सैल होते. तबकडीचे चार स्क्रू पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळावे लागतात, कारण कडक उताराची थरथर त्यांना हळूहळू ढिलं करते. शिवाय तार वाकून वाकून आतून थकते आणि बाहेरून काही न दाखवता तुटते. म्हणून जाणकार ती तुटायची वाट पाहत नाहीत, आधीच बदलतात.

मग येतात बाइंडिंगखाली घालायच्या पाचरी. बहुतेक जण पुढच्या पायाचा चवडा थोडा उचलतात आणि मागच्या पायाची टाच. त्यामुळे दोन्ही गुडघे आपोआप एकमेकांकडे झुकतात आणि शरीर फळीच्या मध्यावर राहतं. किती अंश उचलायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. दोन माणसांचं माप सहसा जुळत नाही, आणि ते सापडायला हंगाम लागू शकतो.

वाकून खटका लावण्याचा त्रास टळावा म्हणून टाचेत स्प्रिंगच्या खिट्ट्या बसवलेली पद्धत आली. टाच दाबली की दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाइंडिंगच्या भोकांत शिरतात आणि सुटण्यासाठी बुटाच्या वरच्या काठापर्यंत नेलेली दोरी ओढायची. सोय मोठी, पण तिथेही बर्फ अडकतो. खिट्ट्या पूर्ण बाहेर आल्या की नाही, हे टाच उचलून पाहिल्याशिवाय निघणं धोक्याचं.

१९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्ड पहिल्यांदा आला. जायंट स्लॅलममध्ये कॅनडाचे रॉस रेबाग्लियाती आणि फ्रान्सच्या कारिन रुबी जिंकल्या. मात्र त्याच दशकात बाजार मऊ बुटांकडे वळला. हवेत उड्या मारणारी फळी दुकानात खपली, कड कापणारी मागे पडली. मोठ्या कंपन्यांनी हळूहळू हात काढून घेतला आणि काम लहान कारखान्यांकडे गेलं. कोलोरॅडोच्या बॉम्बर इंडस्ट्रीजने ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून कातून काढलेली ‘ट्रेंच डिगर’ बाइंडिंग अशाच कामातली.

अलीकडे दोन भागांत उघडणार्‍या स्प्लिटबोर्डवर डोंगर चढणार्‍यांपैकी काही जण स्की-गिर्यारोहणाचे हलके कठीण बूट वापरू लागले आहेत. बर्फाळ आडव्या चालीत त्यांना मऊ बुटांपेक्षा पक्की पकड मिळते. त्यांच्या नव्या, हलक्या बाइंडिंगवरही तारेची कडी आहे, खटका आहे, आणि निघण्यापूर्वी तळाचा बर्फ खरवडावाच लागतो.