विद्याधरलोक (बृहत्कथा-परंपरेतील)

विद्याधरलोक : मानवी समाजाला समांतर, पण सामान्यतः त्याच्या दृष्टीआड नांदणाऱ्या मंत्रसिद्ध समाजाची प्राचीन भारतीय कथावाङ्‌मयातील कल्पना. विद्या धारण करणारा तो विद्याधर. येथे विद्या म्हणजे आकाशगमन, रूपांतर, अदृश्यता इ. सामर्थ्ये देणारा मंत्र होय. अमरकोशात विद्याधरांची गणना अप्सरा, यक्ष, गंधर्व, किन्नर यांच्याबरोबर देवयोनींत केलेली आहे. कथाकारांनी मात्र राजे, नगरे, कुळे, सोयरिकी व वैरे असलेला समाज म्हणून त्यांचे चित्रण केले. या कल्पनेचा सर्वांत मोठा आविष्कार म्हणजे गुणाढ्याची बृहत्कथा. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या वरच्या अंगास असलेल्या प्रतिष्ठान (पैठण) येथील सातवाहन राजसभेशी परंपरेने तिचा संबंध जोडलेला आहे.

बृहत्कथा पैशाची भाषेत रचलेली होती. ती इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील असावी. सुबंधू, बाण व दंडी यांना ती ठाऊक होती; पुढे मात्र मूळ ग्रंथ नष्ट झाला. बुधस्वामीचा बृहत्कथाश्लोकसंग्रह, क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी व सोमदेवाचा कथासरित्सागर (दोन्ही अकरावे शतक) या संस्कृत ग्रंथांवरून, तसेच संघदासगणीच्या वसुदेवहिंडी या महाराष्ट्री प्राकृतातील जैन ग्रंथावरून तिच्या स्वरूपाची कल्पना येते. कथासरित्सागरात १८ लंबक व १२४ तरंग आहेत.

ग्रंथाच्या नाशाची आख्यायिका कथासरित्सागराच्या आरंभीच येते. शिवाने पार्वतीला सात विद्याधर चक्रवर्तींच्या कथा एकांतात सांगितल्या. त्या चोरून ऐकणारा गण पुष्पदंत आणि त्याची रदबदली करणारा माल्यवान हे दोघे शापाने मनुष्यजन्मास आले. माल्यवान हाच गुणाढ्य. जलक्रीडेत राणीने ‘पाणी उडवू नका’ या अर्थाने उच्चारलेल्या संस्कृत संधीचा राजाने ‘मोदक’ असा अर्थ घेतला व त्याचे हसे झाले. त्याला सहा महिन्यांत व्याकरण शिकविण्याची शर्ववर्म्याची प्रतिज्ञा पुरी झाल्याने गुणाढ्य पैजेत हरला आणि त्याने संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्हींचा त्याग केला. विंध्यारण्यात पिशाचांची भाषा शिकून त्याने त्या कथा स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोकांत लिहिल्या. पिशाचांची भाषा म्हणून राजाने ग्रंथ नाकारला. तेव्हा पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवीत गुणाढ्याने तो अग्नीत टाकला. चारा सोडून ऐकत राहिलेले पशू रोडावले. त्यांच्या शुष्क मांसाने राजा आजारी पडला, तेव्हा कारण उलगडले. पण तोवर सहा लक्ष श्लोक, म्हणजे सहा चक्रवर्तींच्या कथा, जळून गेल्या होत्या. उरलेली एक लक्ष श्लोकांची कथा नरवाहनदत्ताची होय.

नरवाहनदत्त हा कौशांबीच्या उदयन राजाचा पुत्र. त्याची पत्नी मदनमंचुका हिला मानसवेग नावाचा विद्याधर पळवून नेतो. त्याचीच बहीण वेगवती मात्र नरवाहनदत्ताला साहाय्य करते. अखेर हा मानव विद्या मिळवून हिमालयातील विद्याधरांचा चक्रवर्ती होतो. अशा रीतीने दोन्ही समाजांतील प्रेम, अपहरण, विवाह व युद्ध यांवर कथेची उभारणी झालेली आहे. त्यांच्यामधील सीमा जन्माने कायमची ठरलेली नाही. साधनेने मनुष्य विद्याधर होतो, तर शापाने विद्याधर मनुष्ययोनीत येतो.

शक्तिदेवाची कथा या दृष्टीने लक्षणीय आहे. वर्धमान नगरीची राजकन्या कनकरेखा कनकपुरी पाहिलेल्यालाच वरण्याचा पण करते. जुगारात सर्वस्व गमावलेला शक्तिदेव ती पाहिल्याची थाप मारतो व हाकलला जातो. मग तो खरोखरच शोधास निघतो. समुद्रातील भोवऱ्यात नाव सापडली असता वडाची फांदी पकडून तो वाचतो आणि एका प्रचंड पक्ष्याच्या पिसांत लपून कनकपुरीस पोहोचतो. ती विद्याधरांची नगरी निघते. मना केलेल्या गच्चीवर त्याला कनकरेखेचाच निष्प्राण देह दिसतो : ती शापित विद्याधरी असून तिचा मूळ देह तेथे ठेवलेला असतो. शेवटी शक्तिदेव स्वतः शक्तिवेग नावाचा विद्याधरराज होतो.

जैन परंपरेत विद्याधर हे मानवच मानलेले आहेत. ऋषभनाथांकडे राज्याचा वाटा मागणाऱ्या नमी व विनमी यांना नागराज धरण याने विद्या दिल्या, मात्र त्यांचा दुरुपयोग करणाऱ्याच्या विद्या नष्ट होतील अशी अट घातली. विमलसूरीच्या पउमचरियात राक्षस व वानर हेही विद्याधरवंशच आहेत.

सत्तेच्या लोभाने विद्या मिळवू पाहणाऱ्याचे उदाहरण वेतालकथांत आढळते. सोमदेवाच्या पाठात त्यांचा नायक त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचाच राजा आहे. क्षांतिशील हा भिक्षू त्याचा बळी देऊन विद्याधरांचे आधिपत्य मिळवू पाहतो. ते पद शेवटी राजालाच मिळते. या कथा सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या वेताळपंचविशीमुळे (१८३०) मराठी वाचकांपर्यंत पोहोचल्या. आकाशगामी विद्याधरांची चित्रे व शिल्पे अजिंठा आणि वेरूळ येथे आहेत.

अदृश्य शेजारी समाजाची कल्पना अन्यत्रही आढळते. आयरिश लोककथांतील ‘शी’ लोक टेकड्यांच्या पोटात राहतात. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर कथामालेत (१९९७–२००७) जादूची शक्ती उपजत असते. ती नसलेल्याला अभ्यासाने मिळत नाही आणि जादूगारांचा समाज कायद्याने स्वतःला लपवून ठेवतो. बृहत्कथा-परंपरेत असा गुप्ततेचा कायदा नाही. तेथे विद्या हीच सीमा, ती ओलांडण्याचे साधनही तीच. गुणाढ्याच्या आख्यायिकेतही राजसभेला त्या जगाची कथा मुकावी लागते, ती भाषेच्या तिरस्कारामुळे.